पाच दिवस, दोन बहिणी आणि एक रिकामं बेट

युरोप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर, नाहीतर 'डीडीएलजे' स्टाइल स्विस कुरणं. पण पाठीवर सॅक टाकून, चिखल तुडवत, एका बाजूला समुद्र ठेवून नुसतं चालत राहिलं तर? आयर्लंडच्या पश्चिम टोकाला 'डिंगल वे' चालून आलेल्या एका फ्रीलान्सरची ही गोष्ट.

"अगं, एवढे पैसे खर्च करून युरोपला गेलीस आणि केलंस काय? चाललीस?"

परत आल्यावर मैत्रिणींनी फोटो बघायला मागितले तेव्हाची ही रिअॅक्शन. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पहिल्याच फोटोत माझे बूट होते, घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. दुसऱ्यात एक मेंढी. तिसऱ्यात धुकं. चौथ्यातही धुकंच, पण त्यात कुठेतरी माझी मामेबहीण उभी होती.

ही माझी ताई. अकरा वर्षांपूर्वी डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली ती तिकडचीच झाली. गणपती संपले, माझं एक मोठं असाइनमेंट हातावेगळं झालं आणि तिचा फोन आला. "आठवडाभर सुट्टी काढलीय. तू ये. चालायला जायचंय." मला वाटलं, मॉर्निंग वॉक वगैरे म्हणत असेल! पुढे म्हणाली, "आणि घराचंही बोलायचंय."

घर म्हणजे मालवणजवळचं आमचं घर. तिचं घर, माझं आजोळ. आजी गेल्यापासून चार वर्षं कुलूप आहे. मामा डोंबिवलीला, माझी आई पुण्याला, वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन कौलं शाकारून येतं. आता एक गिऱ्हाईक आलं होतं. मामानं आणि आईनं सही केली की विषय संपला. पण मामानं शेवटचा शब्द ताईवर सोडला होता. "तू हो म्हण, मग मी सही करतो." ताई तीन आठवडे ना हो म्हणत होती, ना नाही.

तर अशा या दोन बहिणी. एकीच्या डोक्यात घर, दुसरीच्या डोक्यात 'आपण राजगड-तोरणा केलाय, हे आयर्लंड काय चीज आहे' असला माज.

पिवळ्या माणसाच्या मागे मागे

डिंगल हा आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी काउंटीतून अटलांटिकमध्ये घुसलेला एक जमिनीचा हात. या हाताला वळसा घालणारी पायवाट म्हणजे 'डिंगल वे'. ट्रली नावाच्या गावातून निघायचं आणि सुमारे १६२ किलोमीटर चालून पुन्हा ट्रलीलाच यायचं. आठ दिवस लागतात. आमच्याकडे पाचच होते. डब्लिनहून चार तासांची ट्रेन पकडून ट्रली गाठलं आणि पहिला टप्पा चक्क बसने कापून कँप या गावापासून चालायला सुरुवात केली. बरेच जण असंच करतात, त्यामुळे लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

वाट शोधायला जीपीएस लागत नाही. ठरावीक अंतरावर काळे खांब, आणि त्यावर एक चालणारा पिवळा माणूस. तो ज्या बाजूला बाण दाखवेल तिकडे वळायचं. सिंपल! ही वाट डांबरी रस्त्यावरून जाते, दलदलीतून जाते, वाळूवरून जाते आणि बऱ्याचदा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जाते. त्यांनी परवानगी दिलीय म्हणून आपण चालतो. म्हणून फाटक उघडलं तर लावायचं, आणि कुत्रा आणायचा नाही. मेंढ्या घाबरतात.

सामानाचा फंडाही भारी आहे. मोठी बॅग सकाळी मुक्कामाच्या घरी ठेवायची, टॅक्सीवाला ती पुढच्या गावी पोचवतो. "ही कसली ट्रेकिंग? ही तर चीटिंग!" मी म्हटलं. ताईनं नुसतं हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच त्या टॅक्सीवाल्याला मनोमन आशीर्वाद देत होते.

पहिल्या दिवशी सतरा किलोमीटर. सुरुवातीला पीटची दलदल, म्हणजे वर्षानुवर्षं कुजत साचलेल्या गवता-शेवाळाची काळी, स्पंजसारखी जमीन. हीच कापून, वाळवून इथली माणसं पिढ्यानपिढ्या चूल पेटवत आली. मग एकदम खाली इंच बीच दिसला. समुद्रात घुसलेली पाच किलोमीटरची सरळसोट वाळू! डेव्हिड लीनच्या 'रायन्स डॉटर' (१९७०) या सिनेमाचं शूटिंग इथे झालं होतं. आम्ही बूट काढले, पाय पाण्यात घातले आणि एका सेकंदात बाहेर काढले. सप्टेंबरातही पाणी फ्रिजमधल्या बाटलीसारखं.

दोन चॉकलेटं, तीन बिस्किटं

मुक्काम अॅनस्कॉलला. गाव केवढं? एक रस्ता, एक पूल, काही पब. त्यातल्या एका पबचं नाव 'साउथ पोल इन'. केरीच्या खेड्यात दक्षिण ध्रुव कुठून आला?

तर मंडळी, याच भागात १८७७ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी टॉम क्रीन जन्मला. कोवळ्या वयात नौदलात पळाला आणि स्कॉट व शॅकल्टन यांच्याबरोबर तीनदा अंटार्क्टिकाला जाऊन आला. १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर त्याचा एक अधिकारी मरणाच्या दारात होता. एक साथीदार त्याच्यापाशी थांबला आणि क्रीन मदत आणायला एकटा निघाला. बर्फातून सुमारे ५६ किलोमीटर, अठरा तास. तंबू नाही, स्टोव्ह नाही, खिशात दोन चॉकलेटच्या कांड्या आणि तीन बिस्किटं. पोचला. तो अधिकारी वाचला. नंतर हा माणूस गावी परतला, पब उघडला आणि त्या सगळ्याबद्दल फारसं कधी बोललाच नाही. १९३८ मध्ये वारला. आता पबसमोर त्याचा पुतळा आहे.

सतरा किलोमीटरनंतर टाचेला आलेल्या फोडाबद्दल मी जी तक्रार सुरू केली होती, ती तिथेच गिळली.

'फिर' आणि 'म्नॉ'

दुसऱ्या दिवशी मिनर्डचा पडका किल्ला लागतो. १६५० मध्ये क्रॉमवेलच्या सैन्यानं सुरुंग लावून उडवला तो. पण मला जास्त आवडला तो त्याच्या पायथ्याचा किनारा. वाळू नाहीच, नुसते गोटे. कलिंगडाएवढे, भोपळ्याएवढे, समुद्रानं घासून गुळगुळीत केलेले. लाट मागे गेली की त्यांचा आवाज होतो, लांबून ट्रेन गेल्यासारखा.

तिथून बावीसेक किलोमीटर भरतात तेव्हा डिंगल गाव येतं. रंगीत घरं, मासळीचं बंदर, संध्याकाळी प्रत्येक पबमधून व्हायोलिन आणि बासरीचे सूर. बंदरावर एका डॉल्फिनचा ब्राँझचा पुतळा आहे. फंगी त्याचं नाव. १९८३ पासून हा एकटा डॉल्फिन इथल्या खाडीत राहायला आला, बोटींसोबत खेळायचा, लोक लांबून त्याला बघायला यायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो दिसेनासा झाला. तरी गावात अजून त्याचं नाव घेतात तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं घेतात.

इथून पश्चिमेला 'गेलटाख्त' सुरू होतो, म्हणजे जिथे आयरिश ही रोजची भाषा आहे तो भाग. पाट्या फक्त आयरिशमध्ये. याचा पहिला साक्षात्कार मला पबच्या टॉयलेटसमोर झाला. दोन दारं. एकावर 'फिर', दुसऱ्यावर 'म्नॉ'. 'फिर'चं स्पेलिंग 'एफ'पासून सुरू होतंय, म्हणजे फीमेल, असं डोकं चालवून मी आत शिरले आणि किंचाळत बाहेर आले. 'फिर' म्हणजे पुरुष, 'म्नॉ' म्हणजे बायका. ताई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. "अकरा वर्षांपूर्वी मीपण हेच केलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं!"

भाषेवरून इथे राजकारणही झालंय. २००५ मध्ये सरकारनं गेलटाख्तातल्या पाट्यांवरून इंग्रजी नावं काढली आणि 'डिंगल'चं 'अन डॅंगन' केलं. गावकरी वैतागले. आयरिश आम्हालाही प्यारी आहे, पण आमचं नाव आम्ही ठरवू की! २००६ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि २०११ मध्ये कायदा बदलून आयरिशमधलं पूर्ण नाव आणि 'डिंगल' अशी दोन्ही नावं अधिकृत झाली. बॉम्बेची मुंबई होताना बघितलेल्या आपल्या पिढीला यात नवीन काही नाही. पण एक गोष्ट मला टोचली. ताईच्या ऑफिसातले आयरिश कलीग बारा-तेरा वर्षं शाळेत ही भाषा शिकतात आणि नंतर चार वाक्यं बोलू शकत नाहीत. इथे मात्र किराणा दुकानातली बाई गल्ल्यावरून सहज म्हणते, "डिया ग्विट". देव तुझ्यापाशी असो. उत्तर देताना देवासोबत मेरीचंही नाव जोडायचं असतं. आपल्या 'राम राम'लाही आपण 'राम राम'च म्हणतो, यांनी एक पायरी चढवलीय.

गडगे, पाखाड्या आणि ताईचं गप्प बसणं

तिसरा दिवस म्हणजे या वाटेचा प्राण. व्हेंट्रीच्या लांबलचक किनाऱ्यावरून निघायचं आणि माउंट ईगलच्या उतारावरून स्ली हेडला वळसा घालायचा. उजव्या हाताला डोंगर, डावीकडे खाली अटलांटिक, आणि मध्ये आपण. वाटेच्या कडेला फ्युशियाची कुंपणं, लाल कानातल्यांसारखी लोंबणारी फुलं. आयरिशमध्ये या फुलांना म्हणतात 'देवाचे अश्रू'. खरं तर हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पण इथल्या पावसात असं रुजलंय की आता त्याला परकं कोण म्हणणार? जाता जाता ब्लॅकबेरी तोडून खायच्या. हात जांभळे, जीभ जांभळी. करवंदांचा सीझन आठवला नाही तरच नवल.

आणि भिंती! प्रत्येक शेताला दगडावर दगड रचलेली भिंत, चुना नाही, सिमेंट नाही. "गडगा!" मी ओरडले. ताई थांबली. हात लावून बघितला. आमच्या घरामागे चिऱ्याचा आहे, इथे करडा-काळा दगड, एवढाच काय तो फरक. याच पद्धतीनं रचलेल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल झोपड्याही इथे आहेत. 'क्लोखॉन' म्हणतात त्यांना. प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेत वर छप्पर मिटवायचं. त्या शेतकऱ्यांच्या जमिनीत आहेत, दोन-चार युरो देऊन बघता येतात. खाली कड्यावर डनबेग नावाचा प्राचीन किल्ला होता, म्हणजे अजून थोडा आहे. २०१४ आणि २०१७ च्या वादळांत समुद्रानं त्याचे तुकडे ओढून नेले.

पाऊस आला. इथला पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळत नाही. तो आडवा येतो, थांबतो, ऊन पडतं, इंद्रधनुष्य येतं, पुन्हा येतो. अर्ध्या तासात चार ऋतू. रिमझिम असेल तर इथले लोक त्याला 'सॉफ्ट डे' म्हणतात. किती गोड! आम्ही रेनकोट चढवून एका गडग्याच्या आडोशाला बसलो. सँडविच काढलं. आणि ताई पहिल्यांदा घराबद्दल बोलली.

"तुला माहितीय, मी शेवटची कधी गेले होते? आजीच्या बाराव्याला. चार वर्षं झाली. म्हणजे मी 'विकू नका' कुठल्या तोंडानं म्हणू?"

"मग 'विका' म्हण."

"तेही तोंडातून निघत नाही ना!"

मी गप्प. कारण मी तर पुण्याहून एका रात्रीत जाऊ शकते, आणि मीही चार वर्षांत एकदाच गेले होते. तेही एका रिसॉर्टवर स्टोरी करायला, कंपनीच्या गाडीतून. घरासमोरून गेलो तेव्हा गाडी थांबवायला सांगितलं नाही.

बावीस माणसं आणि एक खिडकी

पाऊस ओसरला आणि स्ली हेडचं वळण संपल्यावर ते समोर आलं. ग्रेट ब्लास्केट. समुद्रात आडवं पडलेलं हिरवं बेट, मुख्य जमिनीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर. डोळे बारीक केले की घरांच्या पडक्या भिंती दिसतात.

एकेकाळी या बेटावर दीडशेहून जास्त माणसं राहायची. मासेमारी, बटाटे, मेंढ्या. वीज नाही, डॉक्टर नाही, चर्च नाही. पण गोष्टी सांगण्यात ही माणसं अशी तरबेज, की भाषेचे अभ्यासक नॉर्वे-इंग्लंडहून इथे आयरिश शिकायला यायचे. त्यांनी भरीस घातलं आणि एवढ्याशा बेटानं आयरिश साहित्याला एकामागून एक पुस्तकं दिली. १९२९ मध्ये टोमास ओ'क्रिहन या मच्छीमाराचं आत्मचरित्र, १९३३ मध्ये मॉरिस ओ'सलिव्हनचं. १९३६ मध्ये पेग सेयर्सचं. ही पेग लग्न होऊन बेटावर आलेली. तिनं सांगायचं आणि मुलानं लिहून घ्यायचं, असं पुस्तक झालं. पुढे कित्येक वर्षं ते शाळेत सक्तीचं होतं, त्यामुळे अख्ख्या पिढ्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली. पाठ्यपुस्तकात गेलं की असंच होतं!

पण तरुण पोरं अमेरिकेला निघून जात राहिली. बरीच मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला. एक गेला की दुसऱ्याला बोलावून घ्यायचा. मागे उरली ती म्हातारी. १९४६-४७ च्या हिवाळ्यात बेटावरचा एक तरुण आजारी पडला, समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचू शकला नाही. तो गेला. १९४७ च्या वसंतात वादळानं आठवडेच्या आठवडे बोट सुटेना, तेव्हा अन्न संपल्याची तार थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना करावी लागली. शेवटी नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारनं बेट रिकामं केलं. तेव्हा तिथे उरली होती फक्त बावीस माणसं. त्यांना समोरच्या किनाऱ्यावर घरं आणि थोडी जमीन मिळाली. इतकी जवळ, की दारात उभं राहिलं तर आपलं जुनं घर दिसावं.

बोटीनं बेटावर जाता येतं, पण समुद्र राजी असेल तर. त्या दिवशी नव्हता. मग आम्ही डनक्विन गावातल्या ब्लास्केट सेंटरमध्ये गेलो. १९९३ मध्ये झालेलं हे म्युझियम म्हणजे एक लांब कॉरिडॉर आहे. दोन्ही बाजूंना बेटावरच्या माणसांच्या वस्तू, फोटो, आवाज. आणि टोकाला एक मोठी काच. काचेपलीकडे ते बेट.

ताई त्या काचेसमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मी तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाली, "यांना निदान जावं लागलं. डॉक्टर नाही, खायला नाही. आपल्याकडे काय नव्हतं गं? रस्ता आहे, लाइट आहे. आपण नुसतेच निघून गेलो."

गंमत बघा. २०२० मध्ये याच बेटावर उन्हाळ्यापुरतं राहून कॅफे आणि कॉटेज सांभाळायला एक जोडपं हवं, अशी जाहिरात निघाली. पाणी गरम करायला चूल, विजेच्या नावानं बोंब. तरी जगभरातून हजारो अर्ज आले! एसी ऑफिसांत बसलेल्या आपल्यासारख्यांचेच असणार, दुसरं कोण?

डनक्विनमध्येच आणखी एक गोष्ट कळली. १९७० मध्ये सरकारनं इथली शाळा मुलं कमी म्हणून बंद केली. गावानं आंदोलन केलं, शाळा स्वतःच चालू ठेवली आणि १९७३ मध्ये ती पुन्हा अधिकृत उघडली. आमच्या वाडीवरच्या शाळेची आठवण आली. पट कमी म्हणून तिच्याबद्दलही हीच चर्चा चाललीय. आंदोलन करायला तिथे कोण उरलंय, हा वेगळा प्रश्न.

"लिओचं गाव माहितीय?"

चौथ्या दिवशी क्लोअर हेड, मग स्मेरिक बंदराच्या काठाकाठानं बॅलीडेव्हिड. पलीकडचं सिबिलचं टोक 'स्टार वॉर्स'च्या पंख्यांसाठी तीर्थक्षेत्र आहे. 'द लास्ट जेडाय'चा सेट २०१६ मध्ये इथेच उभा केला होता. थोडं आत गेलं की गॅलरस नावाची दगडी प्रार्थनाघराची इमारत आहे, उलट्या होडीसारखी दिसणारी. शेकडो वर्षांपूर्वीची, तीही गडग्यासारखीच कोरड्या दगडांची. बाहेर आडवा पाऊस आणि आत एक थेंब नाही!

मुक्काम एका आजीबाईंच्या घरी. बी अँड बी म्हणजे घरातल्याच खोल्या, सकाळी भरपेट नाश्ता. शाकाहारी मंडळींनी आधीच सांगून ठेवावं, कारण ताटात सॉसेज, बेकन आणि रक्ताचं काळं पुडिंग येतं. माझ्यासाठी पॉरिज आणि घरचा सोडा ब्रेड. आणि चहा. दुधाचा, कडक, किटलीभर. या एका गोष्टीवर मी आयर्लंडला शंभरपैकी शंभर देते.

आम्ही भारतातल्या म्हटल्यावर आजीबाईंनी विचारलं, "लिओच्या गावाजवळच्या का?" लिओ म्हणजे लिओ वराडकर, २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ आयर्लंडचे पंतप्रधान. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. "हो! आमच्या घरापासून जवळच," ताई म्हणाली आणि एकदम थांबली. ताईनं अकरा वर्षांत 'आमच्या घरापासून' म्हणताना डब्लिन सोडून दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. आजीबाईंनी सहज पुढचा प्रश्न टाकला. "तिथे आता कोण असतं?"

परत फिरणं

पाचवा दिवस ब्रँडनचा. ९५२ मीटरचा हा डोंगर म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे बच्चा. पण इथे चढाई समुद्राच्या पाण्यापासून सुरू होते. वाट शिखरावर जात नाही, बाजूच्या साडेसहाशे मीटरच्या आसपासच्या खिंडीतून पलीकडे क्लोहेनला उतरते. पायथ्याशी ब्रँडन क्रीक नावाची चिंचोळी घळ आहे. सहाव्या शतकातला संत ब्रेंडन कातड्याच्या होडीतून इथून निघून थेट अमेरिकेला पोचला, अशी दंतकथा. हे शक्य आहे का बघायला टिम सेव्हरिन नावाचा लेखक १९७६ मध्ये तशीच होडी बांधून इथूनच निघाला आणि १९७७ मध्ये खरंच न्यूफाउंडलंडला पोचला!

आजीबाईंनी निघताना फोन नंबरचा कागद हातात दिला. "पोचलात की कळवा. आणि ढग खाली आला तर हट्ट करू नका."

ढग खाली आलाच. अर्ध्या चढावर असताना दहा मिनिटांत सगळं पांढरं. पिवळा माणूस गायब. एक खांब सापडला, पुढचा दिसेना. पायाखाली दलदल, पलीकडची बाजू तीव्र उताराची. मी म्हटलं, "जरा पुढे जाऊन बघू, सापडेल." ताई म्हणाली, "नाही. परत फिरू." मी वाद घातला. राजगड काढला, तोरणा काढला. ती शांतपणे म्हणाली, "तू आलीस ते माझ्या जिवावर. आत्या मला काय म्हणेल?"

परत फिरलो. दोन तास एक शब्द बोलले नाही मी. खाली पोचून फोन केला तर आजीबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. ना 'मी सांगितलं होतं', ना काही. हीटर लावला, बिस्किटांचा डबा मागे सरकवला. पलीकडचं क्लोहेन, कॅसलग्रेगरीचा लांबच लांब किनारा, सगळं राहिलं ते राहिलंच.

गाडीतूनच ताईनं मामाला फोन लावला.

"बाबा, झोपला नव्हता ना? ऐका. त्या गिऱ्हाइकाला नाताळपर्यंत थांबायला सांगा... नाही, नाही म्हणत नाहीये. मी येतेय. घर उघडू, आठ दिवस राहू, मग बसून ठरवू... हो, थांबला नाही तर जाऊ दे त्याला."

मामा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ताई फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. घर ठेवायचं की विकायचं, हे अजून ठरलेलं नाही. कदाचित विकलंच जाईल. पण कुलूप न उघडता विकलं जाणार नाही, एवढं नक्की.

आणि हो, डिसेंबरात आम्ही दोघी आचऱ्याहून तोंडवळी, तळाशील करत किनाऱ्यानं मालवणपर्यंत चालणार आहोत. खाडी लागली की होडी. तिथे पिवळा माणूस नाही. वाट घराघरांत विचारत जायची आहे.

तुम्हालाही जायचंय?

व्हिसा : आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा नेहमीचा व्हिसा चालत नाही. वेगळा आयरिश व्हिसा काढा. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी एकत्र सोय असणारी योजना भारतीयांना उपलब्ध आहे, अर्ज करताना तिची चौकशी करा. चलन मात्र युरोच.

कधी : मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. सप्टेंबरात गर्दी कमी आणि ब्लॅकबेरी फुकट.

कसं : डब्लिनहून ट्रेननं ट्रली. तिथून डिंगलकडे जाणारी बस कँप आणि अॅनस्कॉलवरून जाते.

काय न्याल : घोट्याच्या वरपर्यंतचे वॉटरप्रूफ बूट (इथे कंजुषी नको!), वाऱ्यात टिकणारा रेनकोट, मोज्यांचे जास्तीचे जोड, फोडांसाठी पट्ट्या. छत्री घरी ठेवा, वारा ती अटलांटिकला दान करतो.

काय चुकवू नका : डनक्विनचं ब्लास्केट सेंटर, स्ली हेड, आणि डिंगलमधलं ब्राउन ब्रेडचं आइस्क्रीम. हसू नका, खाऊन बघा!

महत्त्वाचं : ब्रँडनच्या टप्प्यावर ढग असेल तर जाऊ नका. मुक्कामाच्या घरी विचारा, आणि ते सांगतील ते ऐका.